फ्रिजमागची नळी आणि तुमच्या बहिणीचा गुडघा

तीर्थस्वरूप दादांना,

सविनय नमस्कार. (साष्टांगच घालणार होतो, पण गेल्या आठ दिवसांत फ्रिजला इतके साष्टांग घातले, की कंबरेने आता आणखी कुणापुढे लवायला साफ नकार दिला आहे. राग मानू नये.) तुमचा प्रवास नीट झाला असेल, वहिनींचा खोकला थांबला असेल, आणि घरात शिरल्या शिरल्या तुम्ही आधी जाताना बंद केलेल्या व्हॉल्व्हवरच्या दोऱ्याच्या गाठी सोडून मगच पायातले बूट काढले असतील, असं धरून चालतो. आम्ही इकडे ठीक आहोत. तुमच्या बहिणीचा नवा गुडघाही ठीक आहे, पण त्याच्यापर्यंत यायला मला फ्रिजच्या मागून यावं लागेल, तेव्हा पत्र सवडीने वाचावं.

तुम्ही निघालात त्या दिवशी गुडघा पासष्ट अंशांपर्यंत वाकत होता, हे तुमच्यासमोरच मोजलं होतं. डॉक्टर काय म्हणाले तेही तुम्ही ऐकलंय. महिन्याभरात नव्वद गाठले नाहीत तर गुडघा आखडेल, आणि मग जन्मभर एक पाय पुढे लांब करून बसायचं. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी दिवसातून तीनदा पाय वाकवायला आणि नंतर वीस मिनिटं बर्फ लावायला सांगितलं. तुमच्या बहिणीने यातला बर्फ तेवढा लक्षात ठेवला. तुमची गाडी गेली आणि संध्याकाळी फ्रिजमधल्या बर्फयंत्राचा डबा रिकामा निघाला. बर्फ नाही तर व्यायाम नाही, असा ठराव तिने एकमताने मंजूर केला. मी वाटीत पाणी गोठवून दिलं, तर तो गोळा टोचतो. औषधाच्या दुकानातून थंड पिशवी आणली, तर तिला रबराचा वास येतो. यंत्रातून पडतात ते अर्धचंद्राच्या आकाराचे तुकडेच गुडघ्यावर बरोबर बसतात म्हणे. नाचता येईना अंगण वाकडं, ते हेच. (एकतीस वर्षांच्या संसारानंतरही ही म्हण मी घरात उच्चारू शकत नाही, म्हणून तुम्हाला लिहितोय.) खरं सांगायचं तर ती घाबरली होती. तिला दुखण्याची भीती वाटते हे मला माहीतच नव्हतं. आजवर या घरात दुखायचं ते माझं, आणि धीर द्यायची ती. तिचा तो चेहरा पाहून मी छाती पुढे काढून सांगून टाकलं, की यंत्र मी दुरुस्त करतो.

माझ्या हातून या घरात एक खिळा सरळ गेलेला नाही, हे तुम्ही जाणता. पण दादा, फ्रिजबरोबर आलेली पुस्तिका मी पहिल्यांदा वाचली आणि थक्क झालो. तुम्ही पाणीपुरवठा खात्यात आयुष्य काढलंत, तुम्हाला याचं काय. मी चौतीस वर्षं भूगोल शिकवला. फळ्यावर समुद्र काढला, ढग काढले, डोंगर काढला, नदी काढली, आणि बाण मारत मारत पाणी पुन्हा समुद्रात नेऊन सोडलं. त्यातलं थोडं पाणी वाटेत करंगळीहून बारीक नळीतून माझ्या स्वयंपाकघरात येतं, फ्रिजच्या पाठीवरून चढतं, आणि साच्यात मोजून सात सेकंदच पडतं, हे मी एकाही वर्गाला सांगितलं नाही, कारण मलाच ठाऊक नव्हतं. पुढचं ऐका. बर्फ झाला की साच्याच्या बुडाला थोडी ऊब दिली जाते, म्हणजे तुकडे सुटतात. बर्फ पाडायला ऊब लागते, हे मी दोनदा वाचलं. मग एक दांडा फिरतो, तुकडे डब्यात ढकलतो, आणि डबा भरला की एक तार वर अडकून राहते आणि यंत्र आपण होऊन थांबतं. पोट भरल्यावर थांबण्याची ही अक्कल मला साठी उलटली तरी आलेली नाही.

तर पहिल्या दिवशी मी ती तार खाली केली आणि वाट पाहिली. तारेच्या जागी तार राहिली, माझ्या जागी मी. दुसऱ्या दिवशी पाण्याचा फिल्टर फिरवून काढला, तर नळीत साठलेलं दोन वाट्या पाणी माझ्या बाहीत गेलं. मला कोण आनंद झाला. पाणी येतंय, म्हणजे दोष पुढे आहे, असा निष्कर्ष मी काढला. (हा निष्कर्ष लक्षात ठेवा, पुढचे पाच दिवस मी त्याच्या जिवावर काढले.) तिसऱ्या दिवशी साच्यात पाणी सोडणारी नळी गोठली असेल म्हणून केस वाळवायच्या यंत्राने तिला गरम हवा दिली. नळीला काही झालं नाही, वरच्या कप्प्याचा दरवाजा मात्र किंचित वाकला. तो आता लागताना कुरकुरतो. चौथ्या दिवशी फ्रिज भिंतीपासून ओढला. मागे काय काय सापडलं म्हणून सांगू. शाळेने निरोपाच्या वेळी दिलेलं पेन, ज्यासाठी मी शेजाऱ्यांवर दोन वर्षं संशय घेतला होता, ते तिथे धूळ पांघरून पडलं होतं. त्यांना मी आता दिसेल तिथे उगाचच हसून नमस्कार करतो.

या सगळ्या काळात तुमची बहीण काय करत होती, तर देखरेख. पहिल्या दिवशी खाटेवरूनच विचारायची, काय मोडलंत. माझं उत्तर पटलं नाही की वॉकर टेकत स्वयंपाकघराच्या दारापर्यंत यायची. फ्रिज ओढला तेव्हा ती आत आली. आणि पाचव्या दिवशी मी पालथा पडून मागच्या झाकणाचे स्क्रू काढत होतो, तेव्हा मी टॉर्च नीट धरलेला नाही म्हणून ती ओट्याजवळच्या स्टुलावर बसली आणि टॉर्च स्वतः धरला. झाकणामागे तारांचा गुंता, एक छोटा पंखा, आणि सगळं अगदी नेटकं बसवलेलं. ते ज्याने पहिल्यांदा जुळवलं असेल त्याला मी मनोमन हात जोडले. मग आपल्याला यातलं काही कळत नाही, असं एकमताने ठरवून (या वेळी खरोखर दोघांचं मत घेऊन) झाकण परत लावलं. एक स्क्रू उरला. तो डबीत ठेवला आहे.

सातव्या दिवशी मी हात टेकले आणि मेकॅनिकला फोन केला. त्याला चार दिवस सवड नव्हती. मी त्याला तार, फिल्टर, गरम हवा, पंखा असं सगळं सविस्तर ऐकवलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "काका, तुम्ही बर्फाच्या बाजूने निघालात. पाण्याच्या बाजूने या."

एवढंच बोलून त्याने फोन ठेवला. चौतीस वर्षं मुलांना नदी उगमापासून शोधा म्हणून सांगणारा मी, दादा, खाली मान घालून उभा राहिलो. आठव्या दिवशी सकाळी नळीवर बोट ठेवलं आणि ते न उचलता निघालो. फ्रिजच्या पाठीवरून खाली, भिंतीच्या कडेने, ओट्याच्या कोपऱ्यातून, सिंकखालच्या कपाटात. तिथे नळी एका छोट्या व्हॉल्व्हला लागते. तो व्हॉल्व्ह बंद होता, आणि त्याच्या मुठीवर निळ्या दोऱ्याची गाठ होती.

आता आठवा. निघायच्या दिवशी तुम्ही सिंकचा गळका नळ दुरुस्त केलात. त्यासाठी खालचे दोन्ही व्हॉल्व्ह, नळाचा आणि फ्रिजचा, बंद केलेत, खात्याच्या शिस्तीप्रमाणे दोन्हींवर गाठी मारल्यात, तेवढ्यात दारात गाडी आली, आणि तुम्ही एकच गाठ सोडलीत. काखेत कळसा म्हणतात, इथे कळसा सिंकखाली होता. मी गाठ सोडली, मूठ फिरवली, आणि कान नळीला लावला. दादा, पाणी चढताना ऐकू येतं. मी ते ऐकलं. दुपारी डब्यात पहिले तुकडे खडखडत पडले, तेव्हा तुमची बहीण स्टुलावरच होती. तिने एक उचलून हातावर घेतला आणि तो विरघळेपर्यंत आम्ही दोघं बघत बसलो.

संध्याकाळी व्यायामाच्या बाई आल्या. गेल्या खेपेला रागावून गेल्या होत्या. त्यांनी कोनमापक लावलं, काढलं, पुन्हा लावलं. ब्याण्णव. एकही व्यायाम न करता हे कसं झालं, ते त्यांना कळेना. मला कळलं. दिवसातून वीस वेळा खाटेवरून उठणं, दारापर्यंत येणं, स्टुलावर बसणं, मला नावं ठेवणं आणि परत जाणं, यातलं नावं ठेवणं सोडलं तर बाकी सगळा व्यायामच होता. मी बाईंना पोचवायला जिन्यापर्यंत गेलो आणि तिथे, सांगायला लाज कसली, डोळे पुसून मगच घरात आलो.

वहिनींना नमस्कार. थोरपणे क्षमा असावी.

आपला आज्ञाधारक आणि आता थोडाफार हस्तकुशल
मेहुणा

ता. क. गाठीचं मी इकडे बोललेलो नाही. आतला एक बारीक भाग निकामी झाला होता, तो मी बसवला, असं तुमच्या बहिणीला सांगितलं आहे. भाग कोणता, हे तिने विचारलं नाही. फोनवर तुम्हीही विषय काढू नये.

आणखी ता. क. पत्र लिहिण्याचं खरं कारण हे, की दोन महिन्यांनी दुसऱ्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं आहे. तुम्ही नक्की यावं. आणि निघताना घरातलं काहीतरी एक बंद करून जावं. काय ते मला सांगू नये, आणि कृपा करून गाठ मारू नये.

दादा, पाकीट चिकटवायला ह्यांनी माझ्याकडे दिलं, म्हणून दोन ओळी. गाठीचा निळा दोरा तू माझ्याच शिवणाच्या डब्यातून मागून घेतला होतास, हे ह्यांना आठवत नाही. बर्फ थांबला तेव्हाच एक गाठ सुटायची राहिली हे मी ओळखलं, पण पहिला दिवस व्यायाम चुकवायला गप्प राहिले. दुसऱ्या दिवशी भिजल्या बाहीने फ्रिजपुढे बसून हे शीळ घालत होते. हे शाळेतून निवृत्त झाल्यापासून ती शीळ ऐकली नव्हती रे. मग कशी सांगणार, आणि लांबून नीट ऐकूही येईना, म्हणून उठून जात राहिले. पुढच्या वेळी वॉशिंग मशीनचा नळ बंद कर. फ्रिजचं आता ह्यांना येतं.