जुन्या घोड्यावरचा अंगठा

बाबा, तुमच्या सुनेला कानस धरता येते हे लग्नाच्या बोलणीत तुम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं. मुलगी डिप्लोमा झालेली आहे, एवढंच आमच्याकडून कळवलं होतं. डिप्लोमा म्हणजे शिवणकामाचा असेल, असं तुम्ही धरून चालला होतात; होता मेकॅनिकलचा. मी टेक्सासला आले, तेव्हा फ्रिस्को म्हणजे चारी बाजूंनी मोकळी शेतं, मध्ये पाण्याची टाकी आणि गावाच्या कडेला तुमचं बंदूकदुरुस्तीचं दुकान. तुमचा मुलगा सकाळी डॅलसला ऑफिसला जायचा. आई टीव्हीसमोर बसून अमेरिकन मालिकांतल्या सासवांना मराठीत शिव्या द्यायच्या, आणि मी खिडकीतून रिकामा रस्ता बघत बसायची. शेवटी एक दिवस तुमचा डबा द्यायच्या निमित्ताने दुकानात शिरले ती परत घरी गेलेच नाही. तुम्ही एक बारीकसा भाग शिकंज्यात धरून घासत होतात. मी न राहवून म्हणाले, "बाबा, शिकंजा थोडा खाली हवा, तुमचा खांदा उचलला जातोय." तुम्ही वर पाहिलंत, कानस माझ्या हातात दिलीत आणि डबा उघडून शांतपणे जेवायला लागलात.

तुमच्याशी भांडायला मजा यायची, हे आधीच सांगून टाकते. आपल्या समाजातले लोक रविवारी वंदनेनंतर तुम्हाला हटकून विचारायचे, "काका, बौद्ध माणूस आणि बंदुकांचं दुकान?" तुम्ही पोहे खाता खाता म्हणायचात, "अरे, हे लोक बंदुका ठेवणारच. माझ्या हातून गेलेली गन आपोआप उडत नाही, एवढंच माझं काम." ते ऐकून मला वाटायचं, सोपं उत्तर शोधलंय बाबांनी. दुकानात बसायला लागल्यावर कळलं, ते उत्तर तुम्ही रोज हाताने देत होतात.

तुमचा जीव जुन्या रिव्हॉल्व्हरांत होता. दर गोळीआधी अंगठ्याने घोडा मागे ओढावा लागतो, चाप नुसता दाबून काही होत नाही, त्या जातीच्या. कोणी तसली घेऊन आला की मी उत्साहाने स्क्रूड्रायव्हर उचलायची आणि तुम्ही माझ्या हातावर चक्क फटका मारायचात. "आधी आयडेंटिफाय कर. टूल मागून." मग मला चापाच्या वरची बाजू दाखवायचात. तिथे तीन स्क्रू दिसले तर जुनी, दोन पिना दिसल्या तर नवी. घोडा हळू ओढून कानाजवळ धरायचा, जुनी जास्त टकटक करते. कोरलेल्या अक्षरांवरून नख फिरवायचं. कडा बोचली तर मूळ मुलामा, गुळगुळीत लागली तर कोणीतरी आधीच पॉलिश करून वाट लावलीय. "आणि तीन स्क्रू बघून लगेच खूश होऊ नकोस," असंही बजावायचात, "आतून कोणी नवे पार्ट बसवले असतील तर बाहेरून कळत नाही." जुन्यांचा दोष एकच होता, पण जिवावरचा. घोडा खाली असला की थेट काडतुसावर टेकायचा. रिव्हॉल्व्हर हातातून पडली, आपटली, की उडालीच. म्हणून जाणती माणसं काडतुसांच्या सहा घरांपैकी एक रिकामं ठेवून त्यावर घोडा टेकवायची. नव्यांत मध्ये एक पट्टी असते, चाप दाबल्याशिवाय घोड्याचा घाव पुढे पोचतच नाही.

मोडतोड करून आलेल्या जुन्या रिव्हॉल्व्हरला तुम्ही हौसेने नवी मूठ, आखूड नळी, हवं ते करून द्यायचात. पण जिला कोणी हात लावलेला नाही, तिला आपणही लावायचा नाही, हा तुमचा कायदा. आणि जुनी, वापरायची असेल तर आतली नवी रचना बसवल्याशिवाय दुकानाबाहेर सोडायची नाही, हा दुसरा. हे दोन कायदे एकमेकांवर आपटतील असं तुम्हाला कधी वाटलं नसावं. मग ती शेतावरची बाई आली.

अजून डोळ्यांसमोर आहे. उन्हाने रापलेला चेहरा, नवऱ्याचाच असावा असा मोठा शर्ट, हातात टॉवेलमध्ये गुंडाळलेली रिव्हॉल्व्हर. तुम्ही बघता, स्क्रू तीन. कान लावता, नख फिरवता, आतून तपासता, आणि तुमचा चेहरा खुलतो. कोणीही न छेडलेली, मूळ जशीच्या तशी. ती बाई सांगते, नवरा सहाच्या सहा घरं भरून ठेवायचा. एकदा रिव्हॉल्व्हर ट्रॅक्टरवरून खाली पडली आणि त्याच्याच पायातून गोळी गेली. तरी त्याने आतलं काही बदलू दिलं नाही. आता तो नाही. कोंबड्यांच्या खुराड्यापाशी साप येतात, तिला ती जवळ ठेवायची आहे, पण सांधेदुखीने तिचा अंगठा वर घोड्यापर्यंत पोचत नाही. तुम्ही समजावता की आतली रचना बदलू, नवा घोडा बसवू, जुना पिशवीत घालून परत देऊ. ती मान हलवते. घोड्याच्या शेंड्यावर पकड यावी म्हणून कोरलेली जाळी एका बाजूने झिजून गुळगुळीत झाली होती, तिथे बोट ठेवून म्हणते, "नवी मी कुठूनही घेईन. मला त्याचा अंगठा हवाय."

तुम्ही अदबीने म्हणालात, "देन कीप इट ऑन द वॉल, मॅम." तिने टॉवेल गुंडाळायला घेतला. माझ्या तोंडून निघून गेलं, "मी करते. जुन्या घोड्याचा शेंडा कापून नव्या घोड्यावर जोडते, थोडा खाली, म्हणजे यांचा अंगठा पोचेल." गिऱ्हाइकासमोर तुम्ही आवाज चढवला नाहीत. मराठीत म्हणालात, "सूनबाई, ओरिजिनल एकदाच असतं. कापलंस की संपलं." तुम्ही 'सूनबाई' फक्त रागावल्यावर म्हणायचात. मीही मराठीतच म्हणाले, "ती भिंतीवर ठेवणार नाही, बाबा. नवऱ्यासारखी सहा भरून खिशात घालेल. मग?" तुम्ही त्या बाईच्या वाकड्या बोटांकडे पाहिलंत. मग रिव्हॉल्व्हर ठेवून घेतलीत.

त्या रात्री जेवताना आई म्हणाल्या, "दोघांना तोंडं फुगवून बसायचं असेल तर बसा, पण वरण निवतंय." तेव्हा तुम्ही ताटातून मान वर न करता म्हणालात, "बिघडलं तर त्या बाईला तू सांगायचं. मी नाही सांगणार." मी म्हणाले, "सांगेन." तिच्या माणसाची तेवढीच एक खूण जगात उरली होती आणि ती मी करवतीखाली घालणार होते. पुढे कितीतरी दिवस भंगारातले घोडे कापून जोडत बसले. काही जळले, काही वाकडे झाले, एकाचा शेंडा हातोडीच्या हलक्या ठोक्याने निखळून तुमच्या चहात पडला. तुम्ही तो चमच्याने बाहेर काढलात, फडक्यावर ठेवलात आणि चहा संपवलात.

खरं काम केलं ती दुपार होती. चाप अडकतो तो खालचा भाग तापून मऊ पडू नये म्हणून नवा घोडा तांब्याच्या ठोकळ्यात घट्ट धरला. मग करवतीने जुन्याचा शेंडा कापला आणि नव्यावर टेकवला. वेल्डिंग झालं, गार झालं, मग कानस, मग त्याहून बारीक कानस, मग पॉलिशचा कागद, आणि सगळा वेळ झिजलेल्या भागाला चिकटपट्टी गुंडाळलेली, कारण तिथे माझा एक ओरखडाही लागायला नको होता. तुम्ही काउंटरवर पेपर वाचायचं सोंग करत होतात. पान काही उलटत नव्हतं. रिव्हॉल्व्हर जुळवली, खोटी काडतुसं घालून पुन्हा पुन्हा तपासली, घोडा खाली असताना त्यावर लाकडी हातोडी मारून पाहिली. पट्टीने आपलं काम केलं. मग तुमच्यासमोर नेऊन ठेवली. तुम्ही भिंग लावलंत, दिव्याखाली धरलीत, उलटी केलीत, सुलटी केलीत. आणि विचारलंत, "जोड कुठाय?" मला वाटलं चिडवताय. तुम्ही परत बघितलंत. "खरंच दिसत नाही गं."

बाई आली. तिने अंगठा टेकवला, तो त्या गुळगुळीत जागी बसला, आणि घोडा सहज मागे आला. ती रडली नाही. "येस," एवढंच म्हणाली, "दॅट्स हिम." मग कोणी केलं म्हणून तिने विचारलं, तर तुम्ही दुकानात येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलंत, "माय डॉटर-इन-लॉ. आय कान्ट फाइंड द जॉइंट." त्या दिवसापासून जोडकाम माझं झालं. आता सगळं दुकान माझं आहे. आजूबाजूची शेतं जाऊन घरंच घरं झालीत, तुम्हाला जाऊनही बरीच वर्षं झाली, पण नवं गिऱ्हाईक कुरकुर करायला लागलं की मी तुमचं ते वाक्य सांगते आणि ते गप्प बसतं.

एक गोष्ट मात्र मी कधीच कोणाला सांगत नाही, आणि हे पत्र कुठे जाणार नाही म्हणून इथे लिहिते. पुढच्याच उन्हाळ्यात डॉक्टरने तुमच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू सांगितला, चांगला पिकलेला. ऑपरेशननंतर तुम्हाला सगळं लख्ख दिसायला लागलं, आणि तीच बाई मूठ घट्ट करायला म्हणून रिव्हॉल्व्हर घेऊन परत आली. तुम्ही दुकानाच्या मागच्या बाजूला होतात. मी ती तुम्हाला दाखवली नाही. पटकन मूठ आवळली आणि तिला दारापर्यंत सोडून आले. तुमची शाबासकी मी घेतली आहे, बाबा, आणि ती मी परत देणार नाही.