होल्डवरचे बोलणे धरत नाहीत

मी, खाली सही करणारा, वय वर्षे एकाहत्तर, कार्ड कंपनीच्या दंड विभागातून निवृत्त, लिहून ठेवतो की माझे डोके ठिकाणावर आहे आणि हात कोणी धरलेला नाही. डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. मुलीचे मत वेगळे आहे, ते जोडलेले नाही. आधीची दोन्ही मृत्युपत्रे रद्द समजावीत. त्यांत मी उगाच मऊ झालो होतो.

१. बँकेतली ठेव मुलीला. सोबत माझी सव्वीस वर्षांची अक्कल, फुकट. बिलावरची देय तारीख म्हणजे पैसे पोचण्याची तारीख, निघण्याची नव्हे. तीन दिवस आधी भरावेत. कार्डावर रोख कधी काढू नये. आणि दंड लागलाच, तर फोन करून 'दंड माफ करा' असे स्पष्ट म्हणावे. वर्षातून एकदा होतो. मात्र 'माफ' हा शब्द गिऱ्हाइकाच्या तोंडून आला पाहिजे, आम्ही सुचवायचा नाही, असा नियम होता. लोक रडत, शिव्या देत, घरातली आजारपणे सांगत, पण तेवढा एक शब्द त्यांना सुचत नसे. मी वाट बघत असे. खोटे कशाला बोलू, मजा येई.

२. जावईबापूंना ठेवीच्या व्याजातले दरमहा पाच टक्के. ते आपल्या बिलाची तेवढीच किमान रक्कम भरतात आणि 'दंड तर लागत नाही ना' म्हणून मिशांना पीळ देतात. उरलेल्यावर व्याज चढते हे सांगून माझी जीभ झिजली. आता किमान रक्कम घेऊन कसे वाटते तेही बघावे.

३. राहते घर. हे माझ्या कष्टाचे आहे, त्यावर कोणाचा हक्क नाही. माझा धाकटा भाऊ, धंद्याने शिंपी, भाड्याच्या एका खोलीत राहतो आणि मालकाने त्याला ती रिकामी करायला सांगितली आहे. वडील गेले तेव्हा त्याने चार नातेवाइकांसमोर मला 'कंपनीचा कुत्रा' म्हटले. मी म्हणालो, माफी माग. तो म्हणाला, "मरेन, पण तुझ्यापुढे तो शब्द काढणार नाही."

पुढच्याच वर्षी भावजय दवाखान्यात होती. त्याने आमच्याच कंपनीच्या कार्डाचे पैसे बरोब्बर देय तारखेला भरले, ते तीन दिवसांनी पोचले. दंड लागला, दंडामुळे मर्यादा ओलांडली, त्याचा आणखी दंड, आणि कार्ड बंद पडले. त्याने फोन केला, तो नेमका माझ्या टेबलावर आला.

"दादा, तू?"

"ग्राहक क्रमांक सांगा."

"अरे, ही औषधावाचून पडलीये. काहीतरी कर ना."

"आपली नेमकी विनंती काय आहे?"

"तुला माहितीये काय आहे ते."

मला माहीत होते. बटणावर बोट ठेवून मी दहा आकडे मोजले, मग त्याला होल्डवर टाकले आणि चहा प्यायला गेलो. परत आलो तर त्याने फोन ठेवलेला. पुढच्या आठवड्यात त्याने शिलाईचे मशीन विकले. भावजय वाचली. गेली एकोणीस वर्षे तो दुसऱ्याच्या दुकानात काजे-बटणे करतो.

तरी, माझ्या मृत्यूपासून तीस दिवसांत त्याने या घरात येऊन, साक्षीदारांसमोर, माझ्या फोटोकडे बघून 'दादा, मला माफ कर' म्हणावे. म्हटल्यास घर त्याचे. ही अट वकीलसाहेबांनी त्याला पहिल्याच दिवशी कळवावी. दिवस मोजताना पोचण्याची तारीख धरावी, निघण्याची नव्हे.

मुलगी म्हणाली, "काका नाही आले तर घर मला ना? मग मी देईन त्यांना." म्हणून ते कलम खोडले आहे. तो न आल्यास घर विकावे आणि पैसे कंपनीच्या निवृत्तांच्या क्लबाला कॅरम बोर्डांसाठी द्यावेत. हे वाचून ती जेवण टाकून उठली. पुढचे कलम तिने वाचलेले नाही.

४. कपाटाच्या खालच्या कप्प्यात एक कॅसेट आहे. त्या फोनची. होल्डवर असतानाही आमचे रेकॉर्डिंग चालूच असे, हे बाहेर कोणाला ठाऊक नव्हते. दोन दिवसांनी तपासणीत मी ती ऐकली. चार मिनिटे नुसते संगीत आहे. मग तो, अगदी हळू: "माफ कर दादा. चुकलो मी. कर ना माफ." दंड काढायला तेव्हा अजून वेळ होता, मशीनही विकले गेले नव्हते. पण होल्डवरचे बोलणे धरत नाहीत.

तो मुदतीत आला, तर वकीलसाहेबांनी कॅसेट न ऐकवता जाळावी. न आला, तर घराऐवजी ती त्याच्या हातात द्यावी, टेपरेकॉर्डरसकट. टेपरेकॉर्डर चालू स्थितीत आहे. मी दर रविवारी लावतो.

ठिकाण : जेवणाचे टेबल
तारीख : अठरा, देय तारखेच्या तीन दिवस आधी
सही : (वाचता येईल अशी)

साक्षीदार, ज्यांनी सही पाहिली, मजकूर नाही :
१. शेजारचे कुलूपवाले
२. दंड विभागातले जुने सहकारी, टोपणनाव 'थांबा जरा'