रोहिणीच्या नावचं सरबत

माजलगाव, मंगळवार, २१ एप्रिल २०२६

चि. सौ. वनमालास,

रविवार, दि. १२ एप्रिल, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी, दिंद्रुडला तुझ्या बैठकीत, माझ्या डोळ्यांदेखत तू माझी चोरी केलीस. अनेक आशीर्वाद. तुझे गुडघे कसे आहेत? आप्पारावांचा खोकला थांबला का? (याचं उत्तर नको, विचारायची रीत म्हणून विचारलं.)

पाहुणे मुलगी बघायला आले की घरातलं सगळं मुलीनंच केलेलं असतं, हे मला मान्य आहे. पोहे तिचे, लाडू तिचे, भरतकाम तिचं. (तुझ्या वेळी आईनं शेजारणीनं भरलेला मोर तुझ्या नावावर भिंतीला टांगला होता. मी बोलले काही?) पण गुलाबाचं सरबत! भर एप्रिलात, पंखा बंद ठेवून (वाऱ्यानं गॅस फडफडतो) मी त्या पाकाशी उभी होते. दोन बोटांत एक तार धरली की लगेच उतरवायचा आणि वर लिंबू पिळायचं, नाहीतर बाटलीच्या तळाशी साखर जमते. त्या तारेपायी बोट भाजून घेतलं मी. आणि तू ट्रे फिरवत म्हणालीस, ‘आमच्या रोहिणीनं घरीच केलंय!’ निवृत्त होईपर्यंत मी वर्गात कॉपी करणारी मुलं पकडली, पण इतक्या निरागस चेहऱ्यानं कॉपी करणारं कोणी पाहिलं नव्हतं. आमच्या कॉन्व्हेंटच्या सिस्टर असत्या तर तुला बाकावर उभं केलं असतं, ट्रेसकट.

बरं, चोरी करावी तर माल ओळखून करावी. मुलाची आई साखराबाई दुसरा ग्लास संपवून रोहिणीला म्हणाल्या, ‘लई ब्येस झालंय गं! पाक झाला हे कसं वळखतीस?’ आणि तुझी बी.कॉम. झालेली कन्या म्हणाली, ‘तीन शिट्ट्या झाल्या की.’ बैठकीत नवरामुलगा युवराज चिवडा चावतोय तेवढंच ऐकू आलं. तेव्हा अब्रू कोणी सावरली? मी. पोर थट्टेखोर आहे, म्हणाले. साखराबाई पोट धरून हसल्या. निघताना मात्र उंबऱ्यातूनच बजावलं, ‘साखरपुड्याला आमच्या समद्या भावकीला हेच सरबत. पोरीच्याच हातचं!’ आणि तू चक्क मान डोलावलीस.

मग तिला शिकायला माझ्याकडे धाडलंस. पहिल्या खेपेला युवराजशी फोनवर बोलता बोलता तिनं पाक इतका आटवला की डाव उचलला तर पातेलंच वर आलं. (ते अजून तसंच आहे. भिंतीला टांगावं म्हणते.) दुसऱ्या खेपेचा पाक इतका पातळ की मुंग्या आल्या, चव घेतली आणि निघून गेल्या. तिसऱ्या खेपेला ती ओट्याशीच रडायला लागली. ‘मावशी, त्यांना खरं कळलं तर सोयरीक मोडत्याल का वो?’ पोरीला तो मुलगा मनापासून आवडलाय, वनमाला. तुला याची कल्पना तरी आहे का?

तरीही तत्त्व ते तत्त्व. येत्या रविवारच्या साखरपुड्याचं सरबत मी मुळीच करणार नाही. ‘ते सरबत माझ्या अक्कानं केलं होतं’ असं साखराबाईंना सांगेन, हे मला सहीनिशी लिहून दे. गुरुवार, दि. २३, सायंकाळी पाच वाजेपर्यंत. फोन चालणार नाही. फोनवर तू रडतेस.

तुझी (अजून तरी) अक्का,
सत्यशीला

ता. क. पत्र रोहिणीच्याच हाती पाठवते आहे. पाकीट नीट चिकटवणार आहे, तुझ्या घराण्याचा भरवसा नाही.

ता. क. २. पाकीट चिकटवायच्या आतच साखराबाईंचा फोन आला. ‘खरं सांगा बाई, सरबत कोनी केलतं?’ रोहिणी समोरच उभी. मी सांगितलं, रोहिणीनंच. त्यांची खात्री पटावी म्हणून इंग्रजीतही सांगितलं. तेव्हा आता लिहून द्यायचं ते असं: ‘सरबत रोहिणीनंच केलं, अक्कानं हातही लावला नाही.’ म्हणजे दोघींचं बोलणं जुळेल. त्या कागदासोबत तुझ्या परसातले सगळे गुलाब उन्हाआधी तोडून, पाकळ्या ओल्या फडक्यात बांधून पाठव. भावकी मोठी आहे म्हणे. रोहिणीला मात्र इकडे पाठवू नकोस. मुदत तीच, गुरुवारी पाच. मला पाक चढवायचाय.