कोंबडीचे चित्र

काष्टी, १९९६

प्रिय प्रवीणदादा,

जयभीम. आबांच्या प्रोस्टेटमधली कॅन्सरची गाठ सोमवारी लेसरने भाजणार. भाजलेल्या मांसातून उजेड वेगळा परततो, म्हणून मशिनच्या चित्रात तेवढा भाग पांढरा दिसतो, आणि त्यावरून डॉक्टर लेसर वेळेवर थांबवतात. हे तू पुण्याला तुझ्या हॉस्पिटलात समजावलेस. नमुन्याचे चित्रही दाखवलेस. "हा पेशंट बरा झाला," म्हणालास.

पुण्याहून निघताना तुमच्या मशिनवाल्याला मी चहा पाजला. तो म्हणाला, "कसला पेशंट? कोंबडीचं मांस आहे ते. माणसांत तुमचे वडील पहिले." दादा, तुझ्या डॉक्टरसाहेबांना खूश करायला तुला आपलाच बाप सापडला?

आज आबांना सगळे सांगितले. ते हसले. "व्हय, कोंबडीनंतर माझा नंबर. परवीननं पहिल्याच दिवशी सांगितलं. मीच म्हनलं, चेतनला सांगू नगं, त्याची झोप उडंल."

म्हणून हे पत्र पेटीत टाकत नाही. विचारले तर तूही तेच सांगशील.

पण आबा खोटे बोलताना कान खाजवतात, हे तुलाही ठाऊक आहे. आज हे सांगताना ते दोन्ही कान खाजवत होते.

सोमवारी मी ऑपरेशनच्या खोलीच्या दाराशी उभा असेन.

तुझा धाकटा,
चेतन