वर जाण्याचा कोर्स

४ जानेवारी
वही आणायला चार दिवस उशीर झाला. दुकानदार म्हणाला, डायऱ्या संपल्या, ही दोनशे पानी घ्या आणि तारखा हाताने घाला. आजची घातली.

निर्णय पक्का. पवनचक्कीचा तंत्रज्ञ व्हायचं. दोन महिन्यांचा कोर्स, मग लांब डोंगरावर नोकरी, राहायला कंपनीची खोली. इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा आहेच. गेली वीस वर्षं तो मीटर कंपनीच्या तक्रार विभागात फोन उचलण्यासाठी वापरला. वय सत्तेचाळीस. जाहिरातीत वयाची अट नव्हती. त्यांना सुचली नसावी.

ही गेली त्याला सात महिने झाले. या निर्णयाशी त्याचा काही संबंध नाही. नोंद फक्त माहितीसाठी.

उंचीची भीती: नाही. मी गच्चीवर जात नाही ते तिथे ऊन असतं म्हणून.

५ जानेवारी
सासूबाईंना सांगितलं. (हिची आई. हिच्या आजारपणात महिनाभरासाठी म्हणून आल्या. नंतर जायचा विषय त्यांनी काढला नाही, मीही नाही.) मटार सोलत होत्या. म्हणाल्या, म्हणजे नक्की करायचं काय. मी म्हटलं, वर जायचं. मटार थांबले. म्हणाल्या, या घरातलं एक माणूस वर गेलंय, तेवढं पुरे.

समजावलं की वर म्हणजे शिडीने, आणि संध्याकाळी परत यायचं असतं. त्या म्हणाल्या, मग जायचं कशाला.

आकृती काढून दाखवली. उंच खांब, टोकाला डबा, डब्यात यंत्र, पुढे पाती. त्यांनी कागद उलटा धरून पाहिला आणि म्हणाल्या, पंखाच आहे की, एवढ्या लांब कशाला जाता, हॉलमधला टकटक करतोय तो बघा आधी.

सर्वसामान्य माणसाला अक्षय ऊर्जा समजावणं कठीण आहे.

९ जानेवारी
मेहुण्याला फोन केला. मी डोंगरावर गेलो की सासूबाईंचं काय, हा प्रश्न होता. तो म्हणाला, आई केव्हाही येऊ दे, फक्त हॉलमध्ये झोपावं लागेल, तिसऱ्या खोलीत ट्रेडमिल आहे. प्रश्न सुटला. मुलाचं घर, लिफ्टची इमारत, हवेशीर हॉल.

सासूबाईंना ही आनंदाची बातमी दिली. म्हणाल्या, मला वाऱ्यावर सोडणार आणि स्वतः वाऱ्यावर पोट भरणार. मी म्हटलं, कोटी चांगली आहे. त्या म्हणाल्या, कोटी नाही ती.

१५ जानेवारी
पहिला दिवस. गावाबाहेर पत्र्याची शेड, मागे सरावाचा लोखंडी मनोरा. उंची ठीक. खालून पाहिला तर मान दुखते, म्हणून फार पाहिला नाही.

बॅचमध्ये सगळी विशीतली पोरं. मला पहिल्या तासातच काका केलं. त्यात एक अडचण आहे. शेडच्या कोपऱ्यात निळ्या डांगरीतला एक पुतळा बसवलेला असतो. आत वाळू. वर कुणी जखमी झाला तर त्याला खाली कसं आणायचं, याचा सराव त्याच्यावर करतात. त्यालाही काका म्हणतात. मी येण्याच्या आधीपासून. तेव्हा नावावर हक्क त्याचा.

शिकवणाऱ्यांना सगळे उस्ताद म्हणतात. पंधरा वर्षं पवनचक्क्यांवर काढलेला माणूस, बोलणं मोजकं. आज हार्नेस शिकवला. हार्नेस म्हणजे अंगावर चढवायची पट्ट्यांची विजार. मी घातला, पण दोन्ही पाय एकाच पट्ट्यात गेले. उस्ताद म्हणाले, असंही चालेल, फक्त चालता येणार नाही.

दुपारी उस्ताद ओरडले, काकांना उन्हातून आत घ्या. दोन पोरांनी मला दंडाला धरून आत नेलं. सावली बरी वाटली. गैरसमज दूर केला नाही.

संकल्प: रोज पहाटे व्यायाम.

१६ जानेवारी
पहाटे थंडी होती.

१९ जानेवारी
पहिली चढाई. नियम सोपा आहे. कमरेला दोन हुक. वरचा लावल्याशिवाय खालचा सोडायचा नाही. एक कायम लागलेला हवा.

मी दोन्ही लावले. मग एक सोडायचा होता. त्याआधी शिडीची गुणवत्ता तपासावी असं वाटलं. पायऱ्यांचं वेल्डिंग उत्तम आहे. माझ्या खाली बॅचमधली एक मुलगी होती. तिला सगळे चिमणी म्हणतात, कारण ती वर कधी पोचली ते कळत नाही. ती म्हणाली, काका, इथेच राहणार असाल तर भाडं ठरवून घेऊ या.

चौथ्या पायरीवरून उतरलो. पहिल्या दिवशी ताण देऊ नये.

३० जानेवारी
मागच्या आठवड्यात प्रगती मंद. कारणं: बूट, वारा, चिमणी.

घरी सराव करायचं ठरवलं. स्टूल घेतलं आणि माळ्यापर्यंत चढलो. सासूबाईंनी स्टूल धरलं. म्हणाल्या, या घरात बल्ब माझी मुलगी बदलायची आणि तुम्ही खाली उभे राहायचात. खरं आहे. पण स्टूल धरणंही जबाबदारीचं काम असतं. ते त्यांना आज कळलं असेल.

मग त्या म्हणाल्या, वर पोचलाच आहात तर माझी बॅग काढून द्या. येताना आणलेली बॅग. काढून दिली. त्यांनी फडक्याने पुसली. धूळ बरीच होती. उतरताना स्टूल हललं. त्यांनी धरलंच होतं, तरी हललं.

१२ फेब्रुवारी
महत्त्वाचा दिवस. आज मनोऱ्याच्या टोकावर गेलो. तंत्र स्वतःच शोधलं: डोळे मिटायचे. उस्ताद म्हणाले, हे तंत्र कुणाला शिकवू नका.

वरच्या फळीवर बसून घरी फोन केला. बोटांना सवय, हिचाच नंबर लागला. कापायच्या आत सासूबाईंनी उचलला. त्या हा फोन चार्ज करून ठेवतात हे मला माहीत नव्हतं. रिचार्ज मी करतो हे त्यांना माहीत नव्हतं. 

मी म्हटलं, वर पोचलो. मग म्हणाल्या, कुणी भेटलं का.

मी म्हटलं, नाही.

म्हणाल्या, मग खाली या.

उतरायला बराच वेळ लागला. बॅचचं जेवण उरकलं होतं. चिमणीने माझा डबा झाकून ठेवला होता. आतली भाजी कमी वाटली.

२५ फेब्रुवारी
परीक्षा दहा मार्चला. जखमीला वरून खाली आणायचं. पास झालो की तेरा तारखेला डोंगरावर हजर. पास होणार हे उघड आहे. मेहुण्याला कळवलं, आई बारा तारखेच्या गाडीने येतील. तो म्हणाला, हॉलमधला सोफा उघडतो की नाही बघून ठेवतो.

सासूबाईंनी दोन दिवसांत एकही टोमणा मारलेला नाही. काल बूट घालून स्वयंपाकघरात गेलो, तरी नाही. तब्येत विचारली. बरी आहे म्हणाल्या. मनाची तयारी झालेली दिसते. माझीही झाली आहे. आज भात कच्चा राहिला. दोघांनी संपवला.

१० मार्च, दुपार
झालं ते सविस्तर लिहितो, म्हणजे दोष कुणाचा ते स्पष्ट होईल.

वरच्या फळीवर आम्ही दोघं, मी आणि पुतळा. उस्ताद खाली, हातात वॉकी-टॉकी. आदेश आला, काकांना दोर लावा. लावला. काकांचे पट्टे तपासा. तपासले, घट्ट होते. श्वास चालू आहे का? चालू होता, जरा जोरात. काका तयार? म्हटलं, तयार. काकांचा हुक सोडा. सोडला. आता सावकाश खाली आणा.

आलो. धक्का नाही, झोका नाही. दोन्ही पाय एकदम टेकले. आयुष्यात इतकं चांगलं मी काही केलेलं नाही. टाळ्यांसाठी थांबलो.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. उस्ताद वर बघत होते. मग सगळेच वर बघायला लागले. काका कठड्याला टेकून शांत बसले होते.

उस्तादांनी विचारलं, जखमी कुठाय. म्हटलं, वर. ते म्हणाले, मग वाचवलं कुणाला.

चिमणी म्हणाली, निदान सांगून तरी यायचं काका, त्यांना काय वाटलं असेल.

माझं म्हणणं नोंदवून घ्यायला सांगितलं: एका मनोऱ्यावर दोन काका असू नयेत. उस्तादांनी ते मान्य केलं. पुतळ्याला आता पाहुणे म्हणायचं. उद्या दुपारी मला पुन्हा एक संधी.

१० मार्च, संध्याकाळ
सासूबाईंना थोडक्यात सांगितलं. त्या हसल्या. आधी पदर तोंडाला लावून, मग तसाच सोडून. ठसका लागला, पाणी दिलं, पाणी पिताना पुन्हा हसल्या. ही गेल्यापासून त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. हिचं हसणं कुठून आलं ते आज कळलं.

डोळे पुसून म्हणाल्या, बरं केलंत. वर गेलेलं माणूस कुणाच्याने खाली आणवत नाही. तुम्ही आलात ना.

मग विचारलं, उद्या परत जाणार का. मी म्हटलं, जाणार, आणि या वेळी पास होणार, आता चूक व्हायला जागाच नाही. त्या म्हणाल्या, बरं. आत गेल्या. बॅगेची चेन लागल्याचा आवाज आला. ती चेन एका दमात लागत नाही.

११ मार्च
तांत्रिक अडचण.

सगळं बिनचूक केलं. पाहुण्यांना दोर, पाहुण्यांचे पट्टे, पाहुण्यांचा हुक. पाहुणे फळीबाहेर लटकले. दोर सोडायचा लिव्हर दाबला की ते खाली, आणि मी पास. एवढंच उरलं होतं.

हवा छान होती. इथून आपलं घर दिसतं का ते बघत होतो. दिसत नाही, मधे पाण्याची टाकी येते. यापूर्वी डोळे मिटलेले असल्यामुळे हे लक्षात आलं नव्हतं. उद्या ही वेळ होईपर्यंत घराला कुलूप असेल, असं सहज मनात आलं. हिचा फोन कुठल्या खोलीत ठेवायचा, हेही ठरलेलं नव्हतं. उस्ताद म्हणाले, दाबा. म्हटलं, दाबतो. ते म्हणाले, पाहुणे पडणार नाहीत, दोर आहे. म्हटलं, माहीत आहे. चिमणी खालून म्हणाली, काका, पाहुण्यांना उशीर होतोय.

वेळ संपली. वेळेचं नियोजन ही माझी एकमेव कमतरता आहे.

नंतर हाताची मूठ उघडेना. दुसरं कुणीतरी वर आलं आणि पाहुण्यांना खाली पाठवलं. मग माझी पाळी. चिमणीची परीक्षा राहिली होती. उस्ताद म्हणाले, पुतळा कशाला, यांनाच घे. तिने मला दोर लावला, हुक सोडला, पोत्यासारखं फळीबाहेर ढकललं आणि खाली आणलं. ती पास. तिच्या मागचे दोघं मला पुन्हा वर नेऊन पास झाले.

उस्ताद म्हणाले, इतका निपचित जखमी पंधरा वर्षांत पाहिला नाही. पुतळा उसवलाय, वाळू गळते, आणि जिवंत माणूस असला की पोरं गंभीरपणे काम करतात. पुढच्या बॅचपासून रोज याल का. मी विचारलं, पद काय. ते म्हणाले, जखमी.

विचार करून कळवतो म्हटलं. मग लगेच कळवलं.

१२ मार्च
सकाळी मेहुण्याचा फोन आला, आईची गाडी कितीची. मी उत्तर जुळवत होतो. सासूबाईंनी फोन माझ्या हातातून घेतला आणि सांगितलं की मला यायला जमणार नाही, जावईबापूंना नोकरी लागलीय, रोज जखमी व्हायची, घरी बघायला कुणीतरी लागेल.

पलीकडून तो काहीतरी विचारत राहिला. त्यांनी ठेवून दिला. मग मला म्हणाल्या, डबा किती वाजता लागेल.

एकंदरीत करिअर मार्गी लागलं. क्षेत्र तेच, काम उंचीवरचं, घरही सोडावं लागलं नाही. हे सगळं योजनेनुसारच झालं असं म्हणायला हरकत नाही.

उद्या सकाळी नऊला पहिला अपघात. त्याआधी नाश्ता करून जावं.