स्टिअरिंग मधोमध आहे

४ मार्च
आजपासून मी मोटार ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवणारा. पगार बरा, पंखा चालू, मालकीणबाई बोलक्या. शिकाऊ मंडळींचा हात रस्त्यावर जाण्याआधी खोलीतच बसावा म्हणून त्यांनी कॉम्प्युटरला जोडायचं नवंकोरं स्टिअरिंग आणलंय. आत मोटर आहे, खऱ्या गाडीसारखी हाताला ओढ देते. कॉम्प्युटरवरचा गाडी चालवायचा खेळ मात्र वीस वर्षांपूर्वीचा आणि दोघांचं अजिबात पटत नाही. खेळाला स्टिअरिंग दिसतच नाही. बाई म्हणाल्या, तुम्ही आजकालची मुलं हे आईच्या पोटातूनच शिकून येता. मी मान डोलावली.
ताईला इथे फुकट शिकता येईल, हा खरा आनंद. फिरत्या नर्सची जागा तिला मिळतेय, फक्त लायसन्स हवं. आई गेल्यावर तिनेच मला वाढवलं. आता तिचं काहीतरी चांगलं होऊ दे.

७ मार्च
जमलं. खेळ आणि स्टिअरिंग यांच्यामध्ये एक छोटा प्रोग्रॅम बसवला, दुभाष्यासारखा. आधी ओढ उलटी लागत होती. शिंपीकाका, आमचे सगळ्यात हौशी शिकाऊ, पहिल्याच वळणावर खुर्चीसकट आडवे झाले. सगळे हसले, काकाही. मग दिशा बदलली. स्टिअरिंगचा मध्य नेमका कुठे, हे मोजून भरायचं होतं; मला आला कंटाळा. 'मध्य आपोआप शोधा' असा एक पर्याय होता, त्यावर खूण केली.
ताईने बराच वेळ चालवलं. म्हणाली, कोणीतरी हातावर हात ठेवून शिकवतंय असं वाटतं.

१२ मार्च
मध्य सरकतोय. हात सोडला की स्टिअरिंग किंचित डावीकडे जाऊन थांबतं. ती खूण काढली, सगळं पुसून पुन्हा बसवलं, रात्री उशिरापर्यंत स्वतः चालवून बघितलं. सकाळी आणखी डावीकडे. गंमत म्हणजे शिकाऊंपैकी कोणाचीच तक्रार नाही. काका आणि ताई तर रोज येऊन तासन् तास बसतात. बाई म्हणाल्या, त्यांना चालतंय तर तुमचं काय दुखतंय?

१६ मार्च
वायर काढून ठेवली होती. तरी स्टिअरिंग हळूहळू डावीकडे फिरलं आणि थांबलं. मी बघत बसलो. घाबरायला हवं होतं, काहीच वाटलं नाही. उठून चहा केला.
काकांचं गिऱ्हाईक भांडून गेलं म्हणे, शिवण तिरकी आली. काकांना ती सरळ दिसते. ताईनेही आज भांग पार डाव्या कानाच्या बाजूला पाडला होता. मी हटकलं तर आरशात बघून म्हणाली, मधोमध तर आहे.

१८ मार्च
बाईंनी भिंतीवरचा तक्ता सरळ करायला सांगितला. केला. पुन्हा सांगितला. बाईंना चष्मा लागलाय बहुतेक.

१९ मार्च
शिंपीकाका गेले.
लायसन्सची वाट न बघता भाच्याची गाडी घेऊन निघाले होते. लख्ख ऊन, रस्ता मोकळा. डावीकडच्या गोदामाच्या भिंतीत घुसले. ब्रेक मारल्याची खूणसुद्धा नाही. हॉस्पिटलमध्ये मी शेजारी होतो. एकच सांगत राहिले, की ते सरळच चालले होते, भिंतच आडवी आली.
रडायला हवं होतं. हात टेबलावर ठेवून बसलो. हातही माझे वाटेनात.

२० मार्च
स्टिअरिंग हातोडीने फोडलं. बाई ओरडल्या, ओरडू देत.
ताईला सगळं सांगितलं. उद्याची परीक्षा सोड म्हटलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, ही जागा गेली तर पुन्हा नाही मिळायची. तिच्या पोटाचा प्रश्न मला कळतो. पण ते स्टिअरिंग आता तिच्या हातांत आहे, फोडू कुठे?
मी शेजारी बसणार. स्कूलच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशी वेगळा ब्रेक असतो. गाडी जरा वाकडी गेली, की दाबायचा. तेवढं माझ्या हातात आहे.

२१ मार्च
सकाळ. परीक्षेच्या मैदानाकडे निघालोय. ताई चालवतेय, वही माझ्या मांडीवर. लिहीत राहिलं की डोळा लागत नाही — कसली गुंगी आहे कळत नाही.
छान चालवतेय. जराही डावीकडे नाही. उगाच घाबरवलं तिला.

रस्ता उजवीकडे सरकतोय. रस्ता. आम्ही नाही —

समोर माणसं आहेत. फुटपाथ सोडून मध्येच का उभी — पळतायत —

ताई विचारतेय, बरोबर आहे ना. नीट बघितलं. स्टिअरिंग मधोमध. अगदी सरळ. पाय ब्रेकवरच आहे माझा. दाबण्यासारखं काही —