मातृभाषेचा रकाना

४ ऑगस्ट

भरला! एकदाचा फॉर्म भरला. आणि बसमधून येळ्ळूरला येताना खिडकीकडे तोंड करून बसले, ओळखीचं कोणी भेटू नये म्हणून. चोरी करून आल्यासारखी.

झालं असं. बेळगावात खडेबाजारातल्या परशरामच्या ऑनलाइन सेंटरवर बसले होते. परदेशात शिकायला जाणाऱ्यांसाठी कर्नाटक सरकारची शिष्यवृत्ती, दोन वर्षांचा सगळा खर्च. नेदरलँड्सच्या विद्यापीठाचं, फेब्रुवारीत सुरू होणाऱ्या वर्गाचं, प्रवेशपत्र मे महिन्यातच आलंय. आमच्या शेतातल्या बासमतीचा वास पूर्वीसारखा का राहिला नाही, हे मला शोधायचंय. शिष्यवृत्ती मिळाली तर जाणार, नाही तर नाही. मधला रस्ता नाही.

एक रकाना आला — मातृभाषा. मी 'मराठी' निवडलं. परशराम मागून वाकून बघत होता.

"पूर्णिमा, येडी का काय गं तू? गाव येळ्ळूर, आंदोलनवाल्यांचं, आणि वर मराठी? तुजा फॉर्म पयला बाजूला काढत्यात बग."

"कुणी सांगितलं तुला?"

"सांगाय कशाला पायजे?"

तो स्वतः मराठीच. थट्टा करत नव्हता, खरंच काळजीनं बोलत होता. मी दहा सेकंद थांबले असेन. मग 'कन्नड' निवडलं. सबमिट.

दहा सेकंद!

५ ऑगस्ट

आप्पाबद्दल इथे कधी लिहिलंच नाही. लिहायला काय आहे? बाप आहे, रोज दिसतो.

पण काल रात्रीपासून तोच डोक्यात आहे. प्रत्येक अर्ज मराठीत लिहून नेणारा माणूस. कचेरीतून परत पाठवला की दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच अर्ज घेऊन जाणार. एका उताऱ्यासाठी तीन दिवस बाकावर बसलेला. तरुणपणी, बेळगाव महाराष्ट्रात यावं म्हणून झालेल्या आंदोलनात चार दिवस जेलात राहून आलेला. एक नोव्हेंबरला कर्नाटक राज्याचा स्थापना दिवस असतो, आमच्याकडे तो काळा दिवस. त्या दिवशी सकाळी आप्पा दंडाला काळी पट्टी बांधतो आणि सायकलवरून बेळगावच्या फेरीला जातो. ती पट्टी मी बांधते. सहा वर्षांची असल्यापासून.

कन्नड त्याला येतं, झकास येतं. बाजारात, गड्यांशी, सगळीकडे बोलतो. लहानपणी मी विचारलं होतं, मग कचेरीत का नाही बोलत? म्हणाला होता, "कन्नडशी भांडण न्हाय गं माजं. पर कागदावर मी जो हाय त्योच ऱ्हाणार."

आणि मी!

६ ऑगस्ट

आप्पा जेवताना म्हणाला, "फॉर्म वाचून दाव की. काय काय लिवलईस?"

प्रिंट इंग्रजीत. मी एकेक ओळ मराठीत करून सांगत गेले. नाव, वडिलांचं नाव यल्लाप्पा, शेती, शिक्षण. मातृभाषेपाशी आले आणि जिभेनं अडखळायचं नावसुद्धा घेतलं नाही. म्हटलं, "मातृभाषा मराठी."

"झ्याक," आप्पा म्हणाला आणि आईकडे बघून हसला.

फॉर्मवरचं खोटं सरकारशी होतं. हे बापाशी. इतकी हलकट मी कधी झाले?

२८ ऑगस्ट

गणपतीची आरती म्हणताना सगळ्यात मोठा आवाज माझा. आई म्हणाली, "औंदा लई भक्ती आलीया." लाज लपवायला माणूस ओरडतो, हे तिला कसं सांगू?

१७ सप्टेंबर

आज चौकशी झाली. फॉर्ममधली माहिती पडताळायला खात्यातून नागेंद्र नावाचे साहेब घरीच आले. येणार आहेत हे मला माहीतच नव्हतं. सभ्य माणूस. चप्पल बाहेर काढली, आईला नमस्कार केला. बसले ते नेमके काळ्या दिवसाच्या फेरीतल्या आप्पाच्या फोटोखाली! मला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं.

साहेब कन्नडमधून एकेक ओळ वाचायचे, आप्पा 'हौद्री' म्हणजे 'होय जी' म्हणायचा. कचेरीत नाही, घरात बसून बोलायचं, म्हणून आप्पा कन्नडमध्ये बोलत होता. पाहुण्याशी बोलतो तसा. मी चहाचा ट्रे धरून दारात उभी.

"मातृभाषा कन्नड?"

आप्पानं मान वळवली. माझ्याकडे बघितलं त्यानं. रागानं बघितलं असतं तर सोसलं असतं. पण तो नुसता बघत राहिला, मी कोण आहे ते आठवत असल्यासारखा.

मग साहेबांकडे वळून म्हणाला, "हौद्री. मन्याग कन्नडानं मातडतीव्री."

होय जी. घरात आम्ही कन्नडच बोलतो.

आई आत चुलीपाशी होती. तिनं पदर तोंडाला लावला.

साहेबांनी कागद पुढे केला. आप्पानं खाली सही केली. यल्लाप्पा, मराठीत, ठसठशीत. साहेबांनी सहीकडे बघितलं, वर फोटोकडे बघितलं, कागदाची घडी केली.

मी त्यांना गाडीपर्यंत सोडायला गेले. तिथे ते मराठीत बोलले, चांगलं स्वच्छ! म्हणाले, "त्या रकान्याला मार्क नसतात ताई. ती नुसती मोजणीसाठी माहिती. गेल्या वर्षी खानापूरकडची दोन मराठी मुलं गेली की. काही चुकलं असेल तर आत्ता सांगा, दुरुस्ती लिहितो."

किती सोपं होतं! एक शब्द. पण दुरुस्ती केली की आप्पाची सही खोटी ठरणार होती. निदान त्या क्षणी मी मनाला हेच सांगितलं. खरं कारण शिष्यवृत्तीच असेल. कोण जाणे. मला माझाच भरवसा राहिलेला नाही.

"नाही सर, बरोबर आहे सगळं," म्हटलं.

१८ सप्टेंबर

आप्पा भाताला पाणी सोडत होता. बांधावर जाऊन उभी राहिले. "आप्पा, माझं चुकलं. परशराम म्हणाला म्हणून…" एवढंच बोलले आणि रडायलाच लागले. परशरामचं नाव पुढे केलं त्याचीही लाज वाटली. बोट माझं होतं.

आप्पा खोऱ्यावर रेलून उभा राहिला. "पुनी, तुला जायाचं हाय न्हवं?"

"हाय."

"मग गप. डोळं पूस. तिकडनं आईला बोलिव, चहा आणाय सांग."

मार्क नसतात हे मी त्याला सांगितलं नाही. उगीचच खोटं बोललास, हे कुठल्या तोंडानं सांगायचं? तो समजतोय की त्यानं माझ्यासाठी काहीतरी दिलं. ते फुकट गेलं हे त्याला कळू नये. कधीच.

३ ऑक्टोबर

घरात सगळं पूर्वीसारखं. तेच तर वाईट!

२७ ऑक्टोबर

यादी लागली. माझं नाव आहे.

आई देवापुढे बसली ती उठेचना. गल्लीतल्या मंडळानं संध्याकाळपर्यंत चौकात फलक लावला. माझा फोटो, शेजारी आप्पाचा, आणि खाली भल्यामोठ्या अक्षरांत: 'मराठी मातीची लेक निघाली परदेशी'. युवराज मंडळाचा अध्यक्ष, शेजारचाच. उत्साहानं मला ओढून न्यायला आला. फलकाखाली उभं राहून पेढे वाटले मी. प्रत्येक पेढ्याबरोबर वाटत होतं, आता कुणीतरी विचारेल. कुणी विचारलं नाही. सगळे खरंच खूश होते.

परशरामचा फोन आला. "बग, म्हटलतो न्हवं मी?" मी फोन ठेवून दिला.

आप्पा फलक बघायला चौकात आलाच नाही. म्हशीला वैरण घालायची आहे म्हणाला.

३१ ऑक्टोबर

युवराज येऊन गेला. "काका, उद्या सकाळी साडेआठला निघायचं."

"व्हय," आप्पा म्हणाला. संध्याकाळी अंगणात बसून सायकल पुसली, हवा भरली, साखळीला तेल घातलं. बघून इतकं बरं वाटलं! म्हणजे काही मोडलेलं नाही. पेटीतून काळी पट्टी काढून इस्त्री करून ठेवली मी. आज झोप लागेल.

१ नोव्हेंबर

पट्टी घेऊन त्याच्यापुढे उभी राहिले. आप्पानं हात पुढे केलाच नाही. "नगो पुनी. त्या कागदावर सही केल्यालं हाय मी." आणि विळा घेऊन शेताकडे गेला. साडेआठ वाजून गेले, फेरीची माणसं आमच्या दारावरून गेली. पुसलेली सायकल अंगणात तशीच आहे.